नंबरांची वही

"म्हणजे नंबर जुळला नाही, तर घड्याळ खोटं ठरणार?" घड्याळदुरुस्तीच्या काउंटरमागून दाजींनी विचारले.

"घड्याळ कशाला? कोणीतरी माणूसच खोटा ठरायचा," सत्यवतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी लिफाफा पिशवीत परत ठेवला. त्यावरचे परदेशी तिकीट दाजींना ओझरते दिसले. पत्र मात्र बाहेर निघाले नाही.

नाटे गावाहून सकाळच्या एसटीने त्या रत्नागिरीला आल्या होत्या. त्यांचे यजमान केरू मालवाहू जहाजावर खलाशी होते. निवृत्त होताना कप्तानाने आपल्या मनगटावरचे स्विस घड्याळ उतरवून त्यांना दिले. घड्याळ बेर्शां घराण्याचे. चार पिढ्या एकाच खेड्यात बसून वर्षाला जेमतेम तीनशे घड्याळे करणारे हे लोक प्रत्येक यंत्रावर हाताने नंबर कोरतात आणि तो वहीत लिहून ठेवतात, असे केरू सांगत. आता, बाईंच्या सांगण्याप्रमाणे, त्या वहीशी नंबर ताडून पाहायला कंपनीचा माणूस सोमवारी येणार होता. जुळला तर घड्याळ त्यांच्या संग्रहालयात जाणार होते.

"इथंच आणीन त्याला," बाई म्हणाल्या. "उघडायला जाणता हात हवा. तुमच्या हाताला गुण आहे, दाजी. आमचे हे गेले त्या साली तुमच्याकडून साफ करून नेलं. दोन वर्षं कपाटात पडून आहे, पण एकदा म्हणून थांबलं नाय."

दाजींनी नुसती मान हलवली. त्यांचे लक्ष सोमवारकडे होते.

"तोवर ठेवून जा, वहिनी. पुसून, तेल देऊन ठेवतो. शनिवारी न्या."

बाईंनी घड्याळ लगेच त्यांच्या हातात दिले.

चोरी हा शब्द दाजींना मान्य नव्हता. चोर विकतो, त्यांनी या घड्याळातले यंत्र विकले नव्हते, विकणारही नव्हते. चाळीस वर्षे राम आळीत बसून त्यांनी हजारो घड्याळे उघडली होती, पण दोन वर्षांपूर्वी या घड्याळाचे झाकण निघाले आणि ते हातातले काम विसरले. प्रत्येक चाकाची कड आरशासारखी घासलेली, तीही जिथे कुणाची नजर कधी पोहोचणार नाही अशा जागी. असले काम कपाटाच्या अंधारात पडून राहावे, हे त्यांना न्याय्य वाटेना. त्यांनी तबकडीखाली बॅटरीचे साधे यंत्र बसवले आणि मूळ यंत्र काजूच्या रिकाम्या डब्यात कापसावर ठेवले. दुपारी गिऱ्हाईक नसले की ते डबा उघडत आणि डोळ्याला भिंग लावून पाहत बसत.

हा युक्तिवाद दोन वर्षे टिकला. गुरुवारी बाई येऊन गेल्या आणि तो टिकेना. रात्री ते जेवता जेवता उठून हात धुऊन आले आणि पुन्हा पानावर बसायचे विसरले. 'दाजींनी सांगितलं म्हणजे झालं,' असे म्हणणाऱ्या बाजारासमोर सोमवारी एक परका माणूस झाकण उघडणार होता. शुक्रवारी त्यांनी मूळ यंत्र परत बसवले. चिमटा दोनदा निसटला. अखेर किल्ली दिली, कानाला लावून पाहिले आणि रिकाम्या डब्याकडे न बघता झाकण घट्ट केले.

शनिवारी बाई घड्याळ घेऊन गेल्या.

सोमवारी दाजी इस्त्रीचा सदरा घालून नऊलाच दुकानात येऊन बसले. अकरा वाजले, एक वाजला. रस्त्यात गाडी थांबली की ते उठत, पुन्हा बसत. चारला सत्यवतीबाई एकट्याच आल्या.

"माणूस कुठं आहे?"

उत्तरादाखल त्यांनी घड्याळ काउंटरवर ठेवले. "बंद पडलं."

दाजींनी ते कानाला लावले, आणि दिवसभरात प्रथमच त्यांना हायसे वाटले. "बिघाड नाही, वहिनी. हे किल्लीचं घड्याळ. रोज किल्ली द्यावी लागते; नाही दिली तर दीड दिवसात थांबणारच."

"तर. आमचे हे सकाळी चहाच्या आधी द्यायचे."

बाईंनी पिशवीतून लिफाफा काढून घड्याळाशेजारी ठेवला. तो रिकामा होता. तिकिटावरचा शिक्का वीस वर्षांपूर्वीचा, पत्ता नाट्याच्या घरचा, केरूंच्या अक्षरातला.

दाजींची बोटे किल्लीवरच राहिली.

"ते गेल्यापासून दोन वर्षं घड्याळ चालत होतं," सत्यवतीबाई म्हणाल्या, "आणि मी एकदाही किल्ली दिली नव्हती."