ड्रायव्हरकडचं दार

माझ्या जुन्या गाडीचं पॉवर लॉक वर्षभरापासून बिघडलेलं. दार लावलं की अडकायचं, मग ना रिमोट चालायचा ना चावी. हँडल अर्धं उचलायचं आणि खाली गुडघ्यानं दोनदा ठोकायचं, तेव्हा कुठं ड्रायव्हरकडचं दार उघडायचं. ते फक्त मलाच जमायचं. धाकटा भाऊ दुर्गेश तर बाजूला उभा राहून नेहमी म्हणायचा, "भाऊ, तूच उघड. तुह्या या डब्ब्याचं दार मले नाही उघडत."

सरपंचपदाचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी गाडीत ठेवलेली माझी कागदपत्रांची फाईलच गायब झाली. काचा शाबूत, दारं बंद. घरचे म्हणाले, तूच कुठंतरी विसरला असशील. समोरचा बिनविरोध निवडून आला. त्या संध्याकाळी दुर्गेश मला धरून माझ्याहून जास्त रडला.

काल शेवटी आम्ही दोघं गाडी घेऊन गोंदियाला दुलीचंद मिस्त्रीकडे गेलो. लॉकची नवी मोटर आणायला मी रस्त्यापलीकडच्या दुकानात गेलो. मोटर घेऊन बाहेर आलो, तर मिस्त्री दाराशी घामाघूम होऊन झटत होता.

"भैया, लावून पाहिलं तं आता खुलूनच नाही राहिलं," तो दुर्गेशला म्हणाला.




दुर्गेशनं कानाचा फोनही न काढता डाव्या हातानं हँडल अर्धं उचललं, गुडघ्यानं दोनदा ठोकलं आणि दार उघडून दिलं.