मांडीवरची मुंगी

लसीकरण केंद्रात ती शिरली तीच मागे वळून बघत. घरी 'मैत्रिणीला बाळ दाखवून आणते' अशी थाप मारून आली होती.

"सिस्टर, सासूबाईंना कळलं तर घर डोक्यावर घेतील. त्या 'नकोच ती सुई' म्हणतात आणि वाद नको म्हणून मीही मान डोलावते. कार्ड तेवढं इथेच ठेवा."

नर्सबाईंनी बाळाचं दुपटं सोडलं. मांडीवर बारीक लाल ठिपका होता.

"हे काय?"

"मुंगी चावली. परवा सासूबाईंनी बागेत फिरायला नेलं होतं, तेव्हा. तेव्हापासून अंगही जरा कोमट लागतंय."

नर्सबाईंनी हातातली सुई ट्रेमध्ये परत ठेवली. बाळाचं नाव विचारलं, टेबलाचा खण उघडला, ठेवलेली कार्डं एकेक करून चाळली आणि त्यातलं एक तिच्यापुढे सरकवलं. त्यावर तिच्याच बाळाचं नाव होतं आणि परवाची तारीख. परवाच्या नर्सने वर चिठ्ठी टाचली होती.

"आजी घेऊन आल्या होत्या. कार्ड इथेच ठेवावे. सून लशीच्या कट्टर विरोधात आहे, तिला कळू देऊ नये."