कोट टेलरकडे आहे

माझी वर्गमैत्रीण हेमांगी माझाच काळा कोट घालून माझ्याच कंपनीची बाजू मांडत होती आणि मी मागच्या बाकावर पक्षकारांत बसले होते.

कंपनीत कायदा अधिकारी झाले तेव्हा मला सनद स्थगित करावी लागली, कारण पगारी नोकराला वकिली करता येत नाही. "आता तुला कोट कशाला?" म्हणत हेमांगीने तो नेला. म्हणे, लकी आहे. लकी कसला डोंबलाचा? आजचा सगळा युक्तिवादसुद्धा मीच लिहून दिला होता.

न्यायाधीशांनी एक आडवा प्रश्न विचारला आणि ती अडखळली. मी ताडकन उठले. "साहेब, त्याचं उत्तर..."

"तुम्ही वकील आहात?"

"होते, साहेब. आता कंपनीत आहे."

"मग खाली बसा. तुमच्या वकिलांना बोलू द्या."

हेमांगी मागच्या बाकापाशी येऊन माझ्याकडे वाकली. क्षणभर वाटलं, पडू दे तोंडघशी. पण नोकरी माझी होती. मी कानात उत्तर सांगितलं, तिने ते खणखणीत आवाजात म्हटलं आणि साहेबांनी मान हलवत लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "खांद्याची शिवण उसवलीये गं. दे, नीट करून आणते."

आज चौथा दिवस. सकाळीच तिचा फोन आला. "अगं, उद्या तारीख आहे. कोट झाला का?"

"टेलरकडेच आहे अजून," मी म्हटलं आणि आरशात बघून कॉलर सारखी केली.