एका पोटची दोघं

“एवढीशी गोळी गिळायला काय डोंगर उचलावा लागतो?” आई पुटपुटली. पुटपुटली म्हणायचं एवढंच. शिवणयंत्राशी बसलेल्या लेकीला ऐकू जाईल, इतपत मोठ्याने. “याने नेमाने घेतली, याला गुण आला. हिने घेतली असती तर...”

“घेते की गं.”

“घेते म्हणे!” खुर्चीतल्या धाकट्याने दहाही बोटं तिच्या नाकासमोर नाचवली. “बघ ताई, सगळी चालू आहेत. सोमवारी कामावर हजर. तूच कुठेतरी चुकवतेस.”

दोघांचा आजार एक. सलाइनमधून जाणारं औषधही एक. त्या औषधाने हातापायांच्या नसा बधिर होतात, म्हणून डॉक्टरांनी धाकट्याला नसा जपणारी एक अँटिऑक्सिडंट गोळी दिली होती. आई तिला राखणीची गोळी म्हणायची. ताईला ती डॉक्टरांनी दिली नव्हती, आईनेच सुरू केली. एका पोटची दोघं. एकाला लागू पडलं ते दुसरीला का नाही पडणार? डॉक्टर यावर काय म्हणाले, ते तिघांनीही ऐकलं होतं. आणि चपला घालता घालता तिथेच, दवाखान्याच्या दाराशी सोडून दिलं होतं.

ताई त्याच्या नव्या शर्टाला बटणं लावत होती. पांढरा शर्ट, सोमवारसाठी. सुईत दोरा आईने ओवून दिला होता. ज्या बाईला समोरचा माणूस ओळखायला चष्मा लागतो, तिने, अख्ख्या गल्लीचे कपडे शिवणाऱ्या लेकीला.

धाकट्याने यंत्रावरची तिची गोळ्यांची बाटली सहज उचलली. हलवली. वाजली नाही.

“संपली? दोघांच्या बाटल्या एकाच दिवशी आणल्या होत्या. माझी तर अजून अर्धी आहे.”

ताईने पुढचं बटण कापडावर धरलं.

“ताई, तू चुकवत नाहीस. तू दुप्पट घेतेस.”

“एकीने भागेना, म्हणून दोन.” तिने सुई कापडात खुपसली. “दोनांनी भागलं की सांगते. गप बस आता, बटण वाकडं बसेल.”

त्याने बाटली जागेवर ठेवली. आईने खिडकीतून बाहेर बघायला सुरुवात केली. बाहेर समोरच्या घराची भिंत होती.

सुई खाली गेली, वर आली. बटणाच्या कडेने एक लाल ठिपका उमटला. सुई पुन्हा खाली गेली. ठिपका पसरला. ताईचा हात संथ चालला होता, एकेक टाका नीट ओढून घेत.

“ताई, थांब!” तो खुर्चीतून उठलाच. “रक्त येतंय.”

तिने शर्टाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“तुला कुठे लागलं?”

आईने शर्ट उलटा केला. डाव्या हाताचं बोट बटणामागे होतं, आणि दोरा त्यातून आरपार गेला होता. आईने तो कापला. बोट मुठीत घट्ट आवळून धरलं. इतकं घट्ट की कोणीही कळवळलं असतं. ताई नुसती बघत राहिली.

“डॉक्टर खोटं नव्हते बोलले रे,” आई म्हणाली. “ती गोळी पुरुषांनाच राखते. माझ्या लेकीला नाही राखत.”