पांढऱ्या पेशीचं दार

उकंडरावांनी बंडीच्या आतल्या खिशावर हात दाबून धरला होता. गोळ्यांचं पाकीट तिथंच होतं, आणि ते काढायचं त्यांच्या मनात नव्हतं.

समोर खाटेवर त्यांच्या पत्नी चतुराबाई पोटाशी गुडघे घेऊन पडल्या होत्या. कर्करोग हाडांत उतरलेला. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं, वाशीमहून गोळ्या आल्या, आणि त्यात अफूचा अर्क असतो हे कानावर पडायचा उशीर, उकंडरावांनी पाकीट खिशात घातलं.

"अफू माह्या उंबरठ्याच्या आत नाही येनार," ते लेकीला म्हणाले. "माही माय वावरात निंदाले जाताना माह्या धाकल्या भावाले मोहरीएवढी चाटवे, झोक्यात निजून राहावं म्हनून. एक दिवस तो उठलाच नाही."

योगिनी नागपूरला रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा अभ्यास करायची. सकाळीच घरी आली होती. तिकडे तिचं बोलणं लोक वहीत उतरून घेत, इथे बाप ऐकूनही घेत नव्हता. तिने मोबाइल पुढे केला. पडद्यावर मळकट गोल होता.

"हे काय, चंद्र?"

"मानसाची पांढरी पेशी, बाबा. निवांत बसेल हाय." तिने बोट सरकवलं. "आन् हे, तिले लढाचा निरोप आल्यावर."

गोलाच्या कडेने हिरवे ठिपके पेटले होते, काजव्यांनी झाड धरावं तसे.

"हे अफूची दारं होत. अफू पेशीवर इथंच येऊन बसते."

उकंडरावांनी चष्मा वर केला, खाली केला. "आपल्या रक्तात?"

"आपल्याच. दाराचा नकाशा दरेक पेशीत असते, पन गुंडायलेला. दुसरी पेशी निरोप धाडते, त्यासरशी आतलं एक प्रथिन जागं होते, गाभ्यात जाते आन् नेमकं त्या नकाशाच्या तोंडाशी जाऊन बसते. ते बसलं का दार उभं राहते. मेढ रोवल्यावर मांडव उभा राहते ना, तसं."

"त्याले कसं समजते, कुठी बसाचं?"

"डीएनएची कोट्यवधी अक्षरं हायेत तिथं. त्यातली आपली चार-दोन ओळखून काढते."

"डोये हायेत त्याले?"

"डोये नाहीत, बाबा."

उकंडराव बराच वेळ त्या हिरव्या कडेकडे पाहत राहिले. मग हळूच, देवळात विचारावं तसं विचारलं, "वावरातल्या फुलाच्या चिकासाठी इथं दार कायले ठेवलं असन?"

"फुलासाठी नाही. दुखनं दाबाले आंग सोताच तसलं रसायन करते. दुखऱ्या जागी ह्याच पेशी ते नेऊन सोडतात. फुलाचा चीक त्या दारात कसा काय बसते, ते मलेही नाही सांगता येत."

उकंडरावांनी स्वतःचं मनगट उलटं केलं. कातडीखालच्या निळ्या शिरेकडे ते असे पाहू लागले, की जणू ती आजच कोणी आणून ठेवली आहे.

खाटेवरून बारीक आवाज आला. "म्हंजे आंगातली अफू मले पुरून नाही राह्यली. उसनी द्या न थोडी."

"अवं, पन धाकला..."

"त्याले मापानं कोन देल्ली? हे मोजून लिहेल हाय. आन् मी काय झोक्यातलं लेकरू हाय?"

उकंडरावांनी पाकीट काढलं. गोळी त्यांनी आपल्या हाताने बायकोच्या जिभेवर ठेवली. पेला तिच्या ओठांना लावला. मग खाटेच्या पायथ्याशी बसून तिचा श्वास पाहत राहिले. तो वर आला, की यांचा खाली जायचा.

ऊन ओसरीवरून उतरलं. चतुराबाई जाग्याच होत्या.

"सरका थोडे," त्या म्हणाल्या. "पाय लांब करते."

उकंडराव घाईने उठले. चतुराबाईंचा एक गुडघा सुटला, मग दुसरा, आणि कित्येक आठवड्यांनी त्यांच्या टाचा खाटेच्या टोकाला जाऊन टेकल्या.