तीन शब्दांचं वाक्य

धूर वळला आणि मयुरी दिसेनाशी झाली.

आत्ता तर इथेच होती, वांग्यांच्या ढिगाजवळ, लाल स्वेटरमध्ये. संघमित्राने कांद्याची पात तशीच ताटात टाकली. कपाशीच्या वाळक्या काड्या तडतडत होत्या. त्यांच्यावर वांगी काळी पडत होती. चोपड्याजवळची ती डिसेंबरची सकाळ निम्मी धुक्याची, निम्मी धुराची होती आणि तिला कुठेच जायची घाई नव्हती. शेत नवऱ्याच्या मित्राचं. दर हिवाळ्यात इथे भरीत व्हायचं. पुरुष मंडळी विहिरीपाशी हसत होती. आवाज दुसऱ्याच गावाहून आल्यासारखे ऐकू येत होते.

"केळीमा गई व्हई," सासूबाई म्हणाल्या. वांगं सोलता सोलता त्यांनी मानही वर केली नाही. "हरपत नही ती. तुन्हापेक्षा हुशार शे." मग सुनेचा चेहरा पाहून त्या गप्प झाल्या.

घरात त्या अशाच गप्प व्हायच्या. जन्मभर अहिराणीशिवाय दुसरं काही न बोललेल्या द्रौपदाबाईंना संघमित्रानेच सांगितलं होतं, की पोरीशी बोलायचं तर शुद्ध बोला. तिच्या डोक्यात गोंधळ नको. तेव्हापासून सून बँकेतून परतली की सासूबाईंचं बोलणं हो-नाहीवर यायचं. नातीबद्दल मात्र त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या, की तू गेलीस की ही दुपारभर माझे कान खाते. आजीची माया, असं संघमित्रा मनाशी म्हणायची आणि विषय सोडून द्यायची.

कारण तिला ऐकू यायचं ते एवढंच. आई, पाणी. आई, ते बघ. साडेचार वर्षांच्या मुलीचं सगळ्यात लांब वाक्य तीन शब्दांचं. जळगावच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी दीड वर्षापूर्वी सांगितलं होतं, की छोटे शब्द वापरा, सावकाश बोला, एकच भाषा ठेवा. संघमित्राने ते व्रतासारखं पाळलं. ब-शी. पा-णी. चि-मणी. इमारतीतल्या बायका तिला मास्तरीणबाई म्हणायच्या. ती हसून घ्यायची आणि रोज रात्री मयुरीचे शब्द वहीत लिहायची. शाळेत तर मयुरी तोंडच उघडत नव्हती. मुलीला समोरच्याचं मन कळत नसावं, असं तिथल्या बाई हळू आवाजात म्हणाल्या होत्या. तिला उद्यापासून नेहमीच्या वर्गातून काढून वेगळ्या वर्गात घालायचं ठरलं होतं. फॉर्म पर्समध्ये होता. सगळे रकाने भरलेले. आईची सही तेवढी राहिली होती.

ती केळीत शिरली. आत उजेड हिरवा होता. वाळकी पानं पायाखाली कागदासारखी वाजत होती. दोन ओळी, चार ओळी, सगळ्या सारख्याच. आपण चालतोय की झाडंच मागे सरकताहेत, हे तिला कळेना. मग कुठूनतरी एका लहान मुलीचा आवाज आला.

कुणा मजुराची पोर असावी. काय बोलत होती! न थांबता, दम न घेता. संघमित्रा सवयीने बोटांवर शब्द मोजू लागली आणि दोन्ही हातांची बोटं संपली.

"मंग ती कुत्री उनी, आजीनी तिले भाकर दिधी, तरी ती जाये ना, कारन तिना पिल्ला बठ्ठा आमना जिनाखाले व्हतात…"

कुणाच्या नशिबात असं लेकरू असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. तिने पान बाजूला केलं.

लाल स्वेटर.

मयुरी ठिबकच्या नळीवर तोल सांभाळत उभी होती. समोर शेतावर यंदाच कामाला आलेली म्हातारी भिकुबाई विळा मांडीवर ठेवून बसली होती. तिने आज सकाळीच या पोरीला पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि पोर तिच्याशी अहिराणीत बोलत होती. संघमित्रा पानाआडच थांबली.

गोष्ट चालूच होती. मयुरीने छाती फुगवली. आता ती इमारतीचा वॉचमन झाली होती आणि हिंदीत दरडावत होती, "अरे, हटाओ इसको यहाँ से." मग मान वाकडी करून शाळेच्या बाई झाली. त्या कधीतरी घरी आल्या असणार. "कुत्र्याला हात लावू नये, बाळांनो. हात स्वच्छ धुवा." आवाज बाईंचाच, शब्दही बाईंचेच. मग पाठीला पोक काढून ती आजी झाली. भिकुबाई मजेत मान हलवत होती.

"आनि तुन्ही माय काय बोलनी?"

मयुरी नळीवरून उतरली. चेहरा गंभीर केला. एक एक बोट नाचवत, एवढा वेळ घेत की मधे पानावरचं दव खाली पडलं, ती म्हणाली, "कु-त्री. ब-घ. कु-त्री."

भिकुबाई खो खो हसली. विळा मांडीवरून घसरला.

मयुरीला ते आवडलं नाही. तिने म्हातारीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कुणाचं तरी गुपित सांभाळावं तशी खालच्या आवाजात म्हणाली, "हासू नको व माय. मी बी तिन्हासंगे धीरे धीरेच बोलस. आई आजून बोलाले शिकी ऱ्हायनी."