बॅरन बेटावरचा हादरा

रेवती चुरी धापा टाकत ज्वालामुखीच्या उतारावर पोचली, तेव्हा हादरे टिपणारं यंत्र जागच्या जागी शाबूत होतं. बारा दिवस ते मुकं होतं. पोर्ट ब्लेअरच्या कचेरीत पाध्ये सरांनी तर आशाच सोडली होती. "लाव्ह्यानं गिळलं असणार. आता हे केंद्रच गुंडाळू," ते म्हणाले होते.

पण लाव्हा इथवर आलाच नव्हता. सौर पॅनेलवर बोटभर राख साचली होती, एवढंच. तिनं राख झटकली, डोक्याच्या रुमालानं काच लख्ख पुसली आणि पुन्हा राख साचू नये म्हणून पॅनेल चांगलं तिरपं केलं. कडक ऊन होतंच. थोड्या वेळानं यंत्राचा हिरवा दिवा लागला, तशी ती उड्या मारत नाचायला लागली.

वायरलेसवर सर ओरडले, "रेवती, पळ! डोंगर हादरतोय!"

तिनं वर पाहिलं, तर नेहमीचाच बारीक धूर निघत होता. मग तिच्या लक्षात आलं.

"सर, डोंगर नाही. मी नाचतेय."

"मग थांबू नकोस," सर म्हणाले. "इथं सगळी कचेरी आलेख बघायला जमलीय."